इशिगामींची भट्टी

४ मार्च
उद्या दुकान पुन्हा उघडणार! कियोहिकोचे विधी आटोपले. मामंजी म्हणतात, भट्टीचं काम बाईमाणसाचं नव्हे. माझा नवरा कियोहिको त्याच भट्टीसमोर कोसळून गेला – मग बाप्यांचं तरी आहे का?
तोंडावर बोलले नाही. इथे लिहिते.

५ मार्च
तीन टेबलं भरली. पहिला हॅम्बर्ग करपला. दुसरा नेला – तापलेल्या लोखंडी ताटलीत गोमांसाचा टम्म गोळा, गिऱ्हाइकासमोर मधोमध कापायचा, आतली गुलाबी बाजू ताटलीवर दाबायची. चर्र! चहाच्या मळ्यातल्या ओगुरीकाकांनी तो संपवून आणखी एक मागवला.

१९ मार्च
टोकियोहून यासुनोरी भावोजी आले. तिकडची एक कंपनी ‘इशिगामी’ नावानं दुकान काढणार म्हणे.
“वहिनी, लोक बुलेट ट्रेननं इथे काकेगावात येऊन रांगा लावतात. त्यापेक्षा आपणच त्यांच्या दारात जाऊ.”
“इथेच मिळतं म्हणून येतात. दारात मिळालं तर कशाला येतील?”
“तुम्ही एकट्या किती रेटणार?”
“बघत राहा.”
नाव मामंजींचं, शेवटचा शब्दही त्यांचाच.

२० मार्च
मामंजींनी नाव दिलं! आणि भावोजींबरोबर टोकियोला राहायलाही गेले. मला एका शब्दानं विचारलं नाही. मी दुकान बंद करणार नाही. मुळीच नाही.

५ मे
सुट्ट्यांचा आठवडा. रांग पार रस्त्यापर्यंत. टोकियोची एक बाई म्हणाली, आमच्याकडेही उघडलंय, पण मूळ ते मूळच. दिवसभर पाय दुखलेच नाहीत.

१२ जून
आज दुकानाला सुट्टी. कुणाला न सांगता टोकियोला गेले, त्या नव्या ‘इशिगामी’च्या रांगेत उभी राहिले. खोट काढायलाच गेले होते. पहिल्याच घासाला ओळखला – कियोहिकोचा हात! तेच मीठ, तीच मिरी, तोच धूर. मान वर करून पाहिलं. भट्टीसमोर पांढरी टोपी घालून मामंजी उभे. त्यांनीच तर त्याला शिकवलं होतं.
मला पाहून बाहेर आले. मी विचारलं, इथे उभं राहता येतं, मग आपल्या दुकानात का नाही? मी बाई म्हणून?
त्यांनी टोपी काढून हातात घेतली.
“तिथे तो पडला होता, तोमोए. त्या फरशीवर पाय ठेवायची हिंमत नाही मला. तू कशी ठेवतेस?”
“रोज सकाळी ठेवते, मामंजी. एवढंच.”
परतीच्या गाडीत रडले.

१४ जून
‘इशिगामी’ची पाटी उतरवली. पुसली, गुंडाळली, टोकियोला मामंजींकडे पाठवून दिली. नाव त्यांचं, ती चवही त्यांच्याच हातची; पाटी त्यांनी ठेवावी, ही फरशी माझी. दारावर आता नुसतं ‘तोमोए’. सकाळी अकराला उघडते.