सुनेच्या वर्गात सासरा

मु. वरची वाडी, आंबेनळी घाटाच्या अंगाला,
ता. पोलादपूर. सोमवार, दुपार.

श्रीयुत हैबतराव व्याहीबुवा, मुक्काम तुडील, यांना रावजीचा दोन्ही हात जोडून रामराम.

आम्ही सगळे इकडे सुखरूप आहोत, तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का? सावित्री नदीचं पाणी खालच्या शेतात शिरलं होतं असं ऐकलं, ते उतरलं असेलच. आमची मंडळी, येसूबाई, ठणठणीत आहे (आवाजावरून तरी तसंच वाटतं). दोन्ही बैल बरे आहेत. मी मात्र बरा आहे की नाही हे माझं मलाच सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण वाडीत रेंज फक्त खंडोबाच्या खडकावर येते, आणि तिथे उभं राहून बोललं की अर्ध्या वाडीला ऐकू जातं आणि उरलेल्या अर्ध्या वाडीला पहिली अर्धी जाऊन सांगते. घरातली गोष्ट खडकावरून सांगण्यासारखी नाही.

पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सांगितलं तर तुमचाही माझ्यासारखा गोंधळ होईल. आमच्या शाळेतल्या गुरुजींची एप्रिलात बदली झाली. दुसरे गुरुजी यायचे होते, ते घाटाची वाट बघून आजारी पडले असं म्हणतात. खालच्या गावचे गुरुजी अधूनमधून वर यायचे, पण वर येईपर्यंत त्यांची उतरायची वेळ झालेली असायची. तेवढ्यात तुमच्या जावयाने, म्हणजे आमच्या सुनीलने, भिवंडीहून निरोप धाडला की शाळेचं असंच चाललं तर दिवाळीनंतर सुरेखाला आणि आपल्या नातीला, सेजलला, मी भिवंडीला नेतो. त्याचं चूक नाही हो. पोरीला शिकवायचं तर आहेच. पण व्याहीबुवा, सेजल गेली की या घरात मी, येसूबाई आणि दोन बैल. बैल निदान मान तरी हलवतात.

तर मी शाळा समितीचा अध्यक्ष (तुम्हाला ठाऊकच आहे, साखरपुड्यात मी दोनदा सांगितलं होतं), तेव्हा शिक्षक आणणं माझ्यावर आलं. मुंबईची एक संस्था आहे. नुकतीच पदवी घेतलेल्या पोरापोरींना ती दोन वर्षं आमच्यासारख्या गरीब शाळांवर शिकवायला धाडते. त्या पोरांना ते फेलो म्हणतात. मी मुंबईत कापडाच्या गोदामात होतो तेव्हा आमचा मॅनेजर मला रोज युजलेस फेलो म्हणायचा, त्यामुळे ही पदवी मिळाल्यावर पोरं पेढे का वाटतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. असो. संस्थेने महाडला निवड ठेवली आणि ज्या गावांना शिक्षक हवा त्यांच्या अध्यक्षांना निवड करायला खुर्चीवर बसवलं. मला इस्त्रीचा सदरा घालून जायला येसूबाईने सांगितलं. का सांगितलं ते मागाहून कळलं.

निवड करणाऱ्या मुख्य म्हणजे दर्शना मॅडम. बाई फार चांगल्या, पण त्यांची रीत उलटी. येईल त्या पोराला त्या विचारायच्या, तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं अपयश सांगा. पोरंही खुशीत सांगायची. एकजण दोनदा नापास झाल्याचं सांगताना लग्न ठरल्यासारखा फुलला होता. मी त्याला शून्य दिलं, मॅडमनी दहापैकी नऊ. मग ओम नावाचा एक पोरगा आला, महाडचाच, चष्मा लावलेला, बोलायला चुरचुरीत. मी माझ्या परीने कामाचं विचारलं, की पावसात वाटेवर पायाला जळवा लागल्या तर काय करशील? तो म्हणाला, आधी पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करीन. मी खडकाचं सांगणार होतो, पण मॅडमनी पुढचं नाव पुकारलं आणि आमची सुरेखा आत आली.

व्याहीबुवा, तुमच्या लेकीला तुम्ही ओळखता, पण आमच्या घरातली रीत तुम्हाला पुरती ठाऊक नसेल. आमच्याकडे मी घरात शिरताना दारातच खोकतो. ती पदर घेते. ती माझ्यासमोर बसत नाही आणि बोलत नाही. काही सांगायचं झालं तर सेजलला सांगते, आजोबांना सांग, भाकरी झाली. सेजल मला सांगते, भाकरी झाली. मी सेजलला सांगतो, आईला सांग, आलो. तिघंही एकाच चुलीजवळ असतो. ही रीत मी घातलेली नाही. लग्नाच्या पहिल्या दिवशी येसूबाईने काहीतरी सांगितलं असेल, ते मागे घ्यायचं राहून गेलं. शेजारच्या घरातल्या सुना सासऱ्याशी राजकारणावर भांडतात. आमच्याकडे मात्र ते तसंच राहिलं, आणि कुणाला फारसं अडलंही नाही.

आता त्या खोलीत सेजल नाही. मी सवयीने खोकलो आणि उठून बाहेर निघालो. मॅडम म्हणाल्या, बसा, अध्यक्ष. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. सुरेखाने पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिथे दात घासण्याचं चित्र लावलेलं होतं. मॅडम मधे, एकदा इकडे बघतात, एकदा तिकडे. कोपऱ्यात लॅपटॉप घेतलेला पोरगा भराभर काहीतरी टिपत होता.

मला आधी वाटलं ही बाजाराला आली असेल आणि चुकून शिरली. कारण इथे पदवी लागते, आणि हिला कुठली पदवी? गेली काही वर्षं ती दर रविवारी पोलादपूरला जायची ते दाढ दुखते म्हणून. मीही कधी विचारलं नाही की रविवारी कुठला दाताचा डॉक्टर बसतो. उलट लवंगा आणून सेजलच्या हाती धाडायचो (चांगल्या, निवडून). आता समोर कागदावर बघतो तर मुक्त विद्यापीठ, बी.ए., प्रथम श्रेणी. मॅडम म्हणाल्या, अध्यक्ष, तुमचा प्रश्न विचारा. मला दुसरं काही सुचेना. मी खिडकीला म्हणालो, “मॅडम, त्यांना विचारा, दाढ कशी हाय?”

सुरेखा भिंतीला म्हणाली, “मॅडम, त्यांना सांगा, दाढ बरी हाय. बीए झाली.”

लॅपटॉपवाल्या पोराचं टिपण थांबलं. मॅडमनी विचारलं, तुम्ही एकमेकांना ओळखता का? दोघांनीही एकदम नाही म्हटलं, मग दोघांनीही एकदम हो म्हटलं. एवढं एकच आम्ही आजवर एका वेळी बोललो असू.

पुढे आणखी पंचाईत. प्रत्येकाने थोडा वेळ शिकवून दाखवायचं, आणि समोर बसलेल्यांनी पहिली-दुसरीची पोरं व्हायचं. म्हणजे मी पोरगा आणि सून बाई. ओमने आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, पण सासऱ्याला टाळ्या वाजव म्हणायचं कसं? सुरेखाने भिंतीलाच शिकवायला घेतलं. वजाबाकी. बेचाळिसातून सतरा. मी खिडकीतून बघत होतो पण कान मागे होते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारणीकडून दहा उसने आणायचे, आणि शेजारणीच्या घरात तेवढे कमी झाले हे विसरायचं नाही, असं तिने मडक्यातल्या तांदळावरून सांगितलं. व्याहीबुवा, मी जन्मभर हातचा घेत आलो. गोदामात तागे मोजले, बाजार केले, पण तो दहा कुठून येतो आणि कुणाचा जातो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी कधी वळलो ते मलाच कळलं नाही. बघतो तर मी भिंतीकडे तोंड करून बसलेलो, आणि मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी दहापैकी दहा दिले. सून म्हणून नाही दिले, हे विहीणबाईंना मुद्दाम सांगा. मला वजाबाकी आली म्हणून दिले.

मॅडमनी आमचं नातं लिहून घेतलं, वरती विचारलं, आणि शेवटी सुरेखालाच आमच्या वाडीवर दिलं, कारण दुसरं कुणी वर चढायला तयार नव्हतं. घरी आलो तर येसूबाईने हसत चहा पुढे केला. दाढेची गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. मी रागवायचं ठरवलं होतं, पण कुणावर रागवायचं हे ठरेना, तेवढ्यात चहा निवला.

शाळा जूनपासून सुरू आहे आणि, खोटं कशाला बोलू, बरी चालली आहे. पोरं घरी येऊन वाचतात. सेजल तर बैलांनासुद्धा पाढे म्हणून दाखवते. गोंधळ फक्त माझा. अध्यक्षाने शाळेत फेरी मारायची असते. मी गेलो की दारात खोकतो, घरची सवय. सुरेखा पदर घेते, फळ्याकडे वळते आणि गप्प होते. मी बाहेर पडेपर्यंत वर्गात शिकवणं बंद. चार दिवसांत पोरांना हे उमगलं. आता पाढे नको झाले की मागच्या बाकावरून एखादं पोर हुबेहूब माझ्यासारखं खोकतं, तशी बाई फळ्याकडे वळते आणि सगळ्यांना सुट्टी. माझ्या नावावर किती सुट्ट्या लागल्या देव जाणे. मी फेऱ्या बंद केल्या. आता शाळेच्या मागच्या फणसाखाली बसून ऐकतो. तिथून तिचा आवाज चांगला येतो. एवढा मोठा आवाज आमच्या घरात आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

आणि आता येत्या शनिवारी सकाळच्या शाळेला दर्शना मॅडम येणार आहेत, वर्ग बघायला. त्यांच्या नियमाने अध्यक्षाने सबंध वेळ वर्गात बसायचं, आणि फेलो बरोबर शिकवते की नाही ते बघून पुढचं चालू ठेवायचं की नाही ठरणार. मी फणसाखाली बसतो म्हटलं, तर चालत नाही. आजारी पडतो म्हटलं, तर वर्ग बघणं पुढे ढकलतात. सुरेखा गप्प राहिली तर शाळा परत मोकळी पडणार, आणि सुनील दिवाळीनंतर दोघींना घेऊन जाणार. मी तिला सांगून पाहिलं, अर्थात गोठ्याकडे बघून. येसूबाईकरवी सांगितलं. सेजलकरवी सांगितलं. तिच्याकडून उत्तर आलं, “आजोबांना सांग, मी मुद्दाम नाय करत. ते समोर असले की तोंडच उघडत नाय.” माझंही उघडत नाही.

बाकी विशेष काही नाही. तुमच्या मनाला लावून घेऊ नका, आणि या पत्रातून मी तुमच्याकडे काही मागतो आहे असंही समजू नका. सहज खुशाली कळवली. विहीणबाईंना नमस्कार, घरातल्या पोरांना आशीर्वाद.

आपला,
रावजी

ता. क. येसूबाई म्हणते, येणारं कोणी असेल तर थोडी सुकट धाडा. वर मिळते तिला वास येतो पण चव येत नाही.

ता. क. दुसरा. मागत नाही म्हटलं ते खरं नव्हतं. व्याहीबुवा, शनिवारी सकाळची पहिली एस.टी. धरून वर या. गुडघ्याचं मला कळतं, खालच्या फाट्यावर मी स्वतः येतो, सावकाश चढू. तुम्ही तिचे वडील. माझ्यासमोर बोलायला हरकत नाही एवढं तिला तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगून ते होत नाही, कारण मी सांगायला लागलो की ती पदर घेते. शाळेसाठी तर हवंच आहे, पण नुसतं शाळेसाठी नाही. इतकी वर्षं पोर घरात आहे, आणि तिला काय येतं हे मला महाडला एका भिंतीकडून कळलं. याचं मला वाईट वाटतं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं ते फोडून लिहितो आहे. मला लिहिता लिहिता मोठ्याने म्हणायची खोड आहे, त्यामुळे वरचं सगळं घराने ऐकलं. आत्ताच सुरेखा चुलीपासून उठून दारात आली. सेजल तिथेच होती, पण तिला काही सांगितलं नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “मामंजी, शनवारी फक्त खोकू नका. पुढच्या बाकावर बसा. मी बोलन.” येसूबाईच्या हातातली पळी तशीच वर राहिली. मी काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून तोंड उघडलं. शेवटी मी सेजलला म्हणालो, “आईला सांग, बरं.”

तेव्हा तुम्ही शनिवारी याच. लेकीला काही सांगायला नको. त्या बाकावर माझ्या शेजारी बसायला कोणीतरी हवं.