बाबागाडीची वाकळ

नांदेड, रविवार

अक्कास लुंबिनीचा मनापासून जयभीम.

उदगीरच्या एसटीनं पाठवलेलं गाठोडं पोचलं. आईची दोन मऊ लुगडी, दोऱ्याची गुंडी अन् तिळाचे लाडू. हमाल पन्नास म्हणत होता, तीसवर आणला.

लुगड्यांची बाळाच्या गाडीसाठी वाकळ शिवून राहिले. गाडीला पट्टे असतात, ते वर काढायला मधेच भोकं ठेवली. विशाखा म्हणाली, "मम्मी, नव्या वाकळीला भोकं!" बाळंत झाल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसली.

काळजी करू नको. बाळ अजून दवाखान्यात काचेच्या पेटीतच आहे, पण दूध पचतंय. माझी कंबर तेवढी धरते.

आता एकच कड राहिलीय. विशाखाला वाकळ आजच गाडीत अंथरायची आहे. आपण शकुन मानत नाही, मी रोज बुद्धवंदनाही घेते, तरी रिकाम्या गाडीत अंथरायला हात धजत नाही. फोनवर बोलावं तर ती शेजारीच असते.

तुझा आनंदराजही सातव्या महिन्यातलाच. त्याची वाकळ तू तो घरी यायच्या आधी अंथरलीस का नंतर? खरं तेच उलट टपाली कळव. तोवर विशाखाला दोरा संपला म्हणून सांगते.

तुझी,
लुंबिनी