करडीवर मांड

२ फेब्रुवारी, पहाटे
निश्चय झाला. घोडेस्वारी शिकायची. वय एक्कावन्न, पण अंगकाठी तिशीची. लेक आठ वर्षं तबेल्यात जाते. तिला जमतं ते तिच्या बापाला जमणार नाही? बायको म्हणाली, आधी जिना चढून दाखवा. दुर्लक्ष केलं.

४ फेब्रुवारी
पहिला धडा. शिकवणाऱ्या बाईंनी मला एकदाच नखशिखान्त पाहिलं आणि करडी नावाची घोडी बाहेर काढली. लेकही हिच्यावरच शिकली. म्हणजे बाईंनी माझी पात्रता ओळखली. मला वर चढवायला तिघे लागले. खोगीर उंच होतं.

९ फेब्रुवारी
करडी चालते. धावत नाही. लेक म्हणाली, बाबा, ती चोवीस वर्षांची आहे, गुडघे गेलेत तिचे. गुडघे माझेही गेलेत, मी सांगत फिरतो का? बाई म्हणाल्या, महिनाभर नुसतं चालवा. दोघींचा कावा कळतो मला.

१५ फेब्रुवारी
मांड्या सोलवटल्या. ऑफिसात उभ्यानेच सह्या केल्या. हेडक्लार्कने हळूच विचारलं, साहेब, मूळव्याध का? घोडेस्वारी म्हटल्यावर सगळ्यांनी फायलींत तोंडं खुपसली. आदर, दुसरं काय! रविवारी बघायला या म्हणून सांगितलं. घोडामैदान जवळच आहे.

१८ फेब्रुवारी
चाबूक आणला. लेकीने हिसकावून घेतला. म्हणे, करडीला आजवर कुणी मारलेलं नाही. म्हणूनच शेफारली! दुसरा आणला. आखूड. बुटात मावतो.

२१ फेब्रुवारी, रविवार
डाव्या हाताला प्लास्टर, त्यामुळे थोडक्यात. सगळं ऑफिस कुंपणापाशी उभं. दोन फेऱ्या चालीनेच झाल्या. हेडक्लार्क ओरडला, साहेब, घोडं पेंड कुठे खातंय? हशा. बाई दुसऱ्या टोकाला होत्या. मी चाबूक काढला. सहाव्या फटक्याला करडी धावली. खरंच धावली, चौखूर! दहा पावलं तरी नक्की. मी लगाम सोडून लोकांना हात केला. तेवढ्यात तिचा पुढचा पाय दुमडला. मी मातीत. लेक धावत आली, मला ओलांडून करडीकडे गेली. घाईत चुकली असेल.

२२ फेब्रुवारी
करडीचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला कायमचं झोपवलं. शेवटपर्यंत तिचं डोकं लेकीच्या मांडीवर होतं, बायको सांगत होती. मी म्हटलं, म्हातारी होती, सुटली. बायकोने माझ्याकडे पाठ फिरवली. भावना आवरत असावी.
इतकी म्हातारी घोडी नवशिक्याला देतातच कशी? तबेल्याविरुद्ध तक्रार करणार.

१ मार्च
लेक बोलत नाही. ताट खोलीत नेते. वय असतं एकेकाचं. बरा झालो की तिला स्वतःचं शिंगरू घेऊन देईन. दोघं मिळून शिकवू त्याला.

५ मार्च
लेक मामाकडे राहायला गेली. मला न सांगता. फोन लावला. तिने एवढंच विचारलं, बाबा, किती फटके मारलेत? म्हटलं, एखाद-दुसरा. ती म्हणाली, मी मोजत होते. फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही.
बायको समोरच बसली होती. शर्टाची बटणं लावून दे म्हटलं. ती उठून आत गेली.
एका हाताने तीनच लागली.