आबांची ओंजळ

बाई, तुमच्या घरात मी पहिल्यांदा आले ती अभ्यासाला नाही, देव शोधायला, हे तुम्हाला कधी बोलले नव्हते. दहावीसाठी जामनेरकडच्या आमच्या गावाहून जळगावला आले होते, पिंप्राळ्यात आत्याकडे राहत होते. तुम्ही आमच्या वर्गाला मराठी शिकवायच्या आणि आत्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. आत्या म्हणाली होती, बाई किरिस्ताव आहेत, शिकायला जा, पण खाण्यापिण्याचं जरा बेतानं. मला खाण्यापिण्याचं काही नव्हतं. मला फक्त बघायचं होतं, तुमचा देव दिसतो कसा. रविवारी तुम्ही चर्चमधून आलात, साडी बदललीत, स्टोव्ह पेटवलात, माझ्यापुढे तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप सरकवलंत, आणि शेंगा सोलता सोलता मी तुमच्या सगळ्या भिंती बघून घेतल्या. कॅलेंडर, घड्याळ, फडताळात काळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक. देव्हारा नाही, तसबीर नाही. शेवटी न राहवून विचारलंच, बाई, तुमच्यात देवाची मूर्ती नसते का? तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होतात. मान वर न करता म्हणालात, "असते की. समोर बसून शेंगा सोलतेय, आणि निम्मे दाणे खातेय."

मी दाणे खायची थांबले. तुम्ही हसलात आणि मग भाकरी होईस्तोवर सांगत राहिलात. की आम्हाला देवाची मूर्ती करायला मनाई आहे, कारण त्यानं स्वतःच ती करून ठेवली आहे. आकाश केलं, पाणी केलं, झाडं, जनावरं केली, आणि सगळ्यात शेवटी माणूस केला, बाई आणि पुरुष दोन्ही, आपल्या प्रतिमेप्रमाणे. मी लगेच विचारलं, मग देवाला माझ्यासारखं नकटं नाक आहे का? माझी जीभ तेव्हापासून अशीच. तुम्ही म्हणालात, नाकाडोळ्याचं नाही गं ते. मालक गावात नसला की त्याच्या जागी कारभारी असतो ना, त्याच्याकडे बघून लोकांना कळायला हवं की मालक कसा आहे. तसं माणसाकडे बघून कळायला हवं, देव कसा आहे. बहुतेक वेळा काहीच कळत नाही, ते सोड, असंही म्हणालात. पण खूण पुसत नाही. कितीही घाण साचली तरी माणसावरची ती खूण जात नाही, हे तुमचं म्हणणं. मला अर्धं समजलं. भाकरीबरोबरचं वांग्याचं भरीत मात्र फार झकास होतं, आणि आत्याला मी सांगितलं की तिथे नुसता चहा घेतला.

तुम्ही काही संतबिंत नव्हतात, तेही लिहायला हवं, नाहीतर मेलेल्या माणसाचं सगळेच गोड लिहितात. तुमचा राग म्हणजे वणवा. एकदा बाजारातून येताना रिक्षावाल्यानं आपल्याला चुकीच्या चौकात उतरवलं आणि वर हुज्जत घातली, तेव्हा तुम्ही त्याला भर रस्त्यात गाढव म्हणालात, आणखीही काही अहिराणीत म्हणालात, कारण राग आला की तुमची पिंपळनेरची माहेरची बोली बाहेर यायची. तो गेला. आपण पिशव्या घेऊन चालू लागलो. थोडं पुढे गेल्यावर तुम्ही थांबलात आणि म्हणालात, चल, परत जाऊ. कशाला, तर त्याची माफी मागायला. मी म्हटलं, चूक त्याची होती. तुमचं उत्तर असं की चूक त्याचीच होती, पण मी देवाच्या मूर्तीला गाढव म्हटलं, आता मला रात्री प्रार्थनेला तोंड नाही. उन्हातान्हात आपण स्टँडवर गेलो, तो बिडी ओढत बसला होता, तुम्ही माफी मागितलीत आणि तो इतका बावचळला की दुसऱ्यांदा फुकट सोडायला तयार झाला. तुम्ही बसला नाहीत. तो पुन्हा चुकीच्या चौकात उतरवील, असं मला हळूच म्हणालात.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी आबांचा हात गेला. आबा, माझे वडील, तुम्ही त्यांना दोनदाच भेटलात, पण त्याआधीचे आबा तुम्ही पाहिले नाहीत. आमच्या भागात चार गावांत पंगत असो, भंडारा असो, वाढायला आबा पुढे. रोज सकाळी आंघोळ करून देवांना स्वतः न्हाऊ घालायचे, गंध लावायचे, आणि मगच शेतात. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये पेंढी सारताना उजवा हात ओढला गेला, मनगटापासून खाली काही राहिलं नाही. जखम भरली. पण बरे होऊन घरी आले ते आबा वेगळेच होते. देवघरात पाऊल टाकीनात. पूजा धाकट्या काकांकडे दिली. डाव्या हातानं जेवावं लागतं याची त्यांना इतकी लाज, की ताट घेऊन मागच्या खोलीत जायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. माय दारापाशी वाढून परत यायची. पंगती सुटल्या, प्रसाद घेणं सुटलं, डावा हात पुढे करायचा कसा म्हणून. आमच्यात मूर्ती भंगली की तिची पूजा होत नाही, तिला नदीत सोडतात. आबांनी तोच नियम स्वतःला लावून घेतला होता. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कुणी तसं नाही म्हणून सांगितलं नाही. घरातलं माणूस एखादी गोष्ट इतक्या ठामपणे करू लागलं की बाकीचे तिच्याभोवती वाट काढून चालू लागतात.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, मी त्याला बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशीवरून पाहिला होता तेवढाच. आबांनी सांगून टाकलं, कन्यादान काका करतील. माय रडली. मग तिनं धीर करून गुरुजींना विचारलं, तर गुरुजी म्हणाले, काही अडचण नाही, हात नसला म्हणून बापाचं बापपण जातं का? आम्हाला वाटलं, सुटलो. आबा म्हणाले, शास्त्र चालवून घेईल, मला चालत नाही. कन्यादानाला ओंजळ लागते, बाई. सगळ्यात वर वडिलांची ओंजळ, तिच्याखाली नवरदेवाची, त्याखाली मुलीची, आणि आई वरून पाण्याची धार धरते. एका हाताची ओंजळ होत नाही. पाहुण्यांसमोर पाणी सांडून पोरीचा अपशकुन करू का, असं त्यांचं म्हणणं. मी तुमच्याकडे येऊन हे सगळं ओकले. मला काकांनी दिलेली व्हायचं नव्हतं, मला आबांनी दिलेली व्हायचं होतं. तुम्ही भांडी घासत होतात, घासतच राहिलात, म्हणून मी चिडूनच घरी गेले.

आणि पुढच्या रविवारी भर दुपारी तुम्ही आमच्या ओट्यावर उभ्या. चर्चमधून थेट एस.टी. धरून आलेल्या, पायांवर धूळ. माय गडबडली. आबा कुठे आहेत विचारलंत, मी मागच्या खोलीकडे बोट केलं, आणि तुम्ही सरळ आत. मला आत्ताही दिसतंय. आबा भिंतीकडे तोंड करून बसलेत, डाव्या हातात घास आहे. तुम्ही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसता आणि मायला सांगता, मलाही इथंच वाढा. आबा उठायला बघतात, तुम्ही म्हणता, बसा भाऊ, जेवणावरून उठू नये. मग दोघंही जेवता. कापसाचं विचारता, पाण्याचं विचारता. आबा तुटक उत्तरं देतात, शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात. दारात काका येऊन उभे राहिलेत, त्यांना वाटतंय, या बाई धर्म शिकवायला आल्या. शेवटी आबाच म्हणतात, "बाई, तुम्ही कशाला आल्या ते मला कळलं. पण आमच्यात भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. तुमच्यात काय करतात मला माहीत नाही."

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "आमच्यात तीच पुजतात भाऊ," म्हणालात. मग सावकाश सांगितलंत, काकांनाही ऐकू जाईल असं. की देवानं माणूस घडवताना माणूस कसा असावा म्हणून जे मनात धरलं होतं, ते पुरतं उतरलं ते येशूमध्ये, असं आम्ही मानतो. बाकी आम्ही सगळे कुठे ना कुठे तडकलेले. त्याला लोकांनी हातांना खिळे ठोकून मारला. तिसऱ्या दिवशी तो उठला. आता मेलेलं उठवणाऱ्या देवाला हातांची दोन भोकं बुजवता आली नसती का? नाही बुजवली. तो आपल्या माणसांना भेटायला आला तो तेच हात घेऊन, आणि आधी हातच दाखवले. त्याच हातांनी त्यांना आशीर्वाद दिला. त्याची मूर्ती भंगली असं अजून आमच्यात कुणी म्हणालेलं नाही. एवढं बोलून तुम्ही थांबलात. मग तुमची बोली आली, पण या वेळी राग नव्हता. "भाऊ, दगडना नियम मानूसले लागत नही."

आबांनी खाली मान घालून पुढचा घास केला. काका मात्र बोलले, की आमच्या घरात हे नको. तुम्ही म्हणालात, काही नको, मला फक्त लग्नाची पत्रिका द्या, मी जेवायला येणार आहे. आणि ताट उचलून मोरीवर गेलात. मी तुम्हाला स्टँडवर सोडायला आले तेव्हा मी विचारलं, आबा ऐकतील का? तुम्ही म्हणालात, मला काय माहीत, मी त्यांना सांगितलं, आता त्यांचं ते. मला त्या क्षणी तुमचा फार राग आला. इतक्या लांब आलात तर थोडी खात्री तरी द्यायची.

लग्नापर्यंत आबांनी त्या विषयाचं नाव काढलं नाही. मांडवात गुरुजींनी कन्यादानाला कोण बसतंय म्हणून हाक दिली. काका सोवळं नेसून तयार होते, ते उठले. माझी मान खाली होती, मला फक्त पाय दिसत होते. मग काकांचे पाय थबकले आणि दुसरे पाय आले, भेगाळलेले, मी लहानपणापासून तेल चोळलेले. आबा पाटावर बसले. उपरण्याखाली हात होता. गुरुजींनी ओंजळ करा म्हटलं, तेव्हा त्यांनी उपरणं बाजूला केलं आणि भरल्या मांडवात तो हात बाहेर काढला. दोन वर्षांत आम्हीही तो उजेडात पाहिला नव्हता. डावा तळहात आणि त्याला टेकवलेलं ते मनगट, अशी ओंजळ. मायनं तांब्या कलता केला. धार पडली आणि व्हायचं तेच झालं, पाणी मधल्या फटीतून भलतीकडे गळू लागलं. मांडवात कुजबुज झाली. आबांचा चेहरा उतरला, मनगट मागे घेऊ लागले.

आणि माझ्या नवऱ्यानं, ज्याच्याशी मी तोवर धड बोललेही नव्हते, आपली ओंजळ सरकवली. जिथे पाणी गळत होतं तिथे, आबांच्या मनगटाच्या अगदी खाली नेली. मीही माझी त्याच्याखाली नेली. पाणी आमच्या हातांत आलं. गुरुजींचे मंत्र जराही अडखळले नाहीत. आबांनी त्याच्याकडे बघितलं आणि मनगट होतं तिथेच ठेवलं, शेवटच्या थेंबापर्यंत. या माणसाशी माझं बरं चालेल हे मला तिथेच कळलं, आणि चाललंही, भांडणं धरून. नंतर पंगतीत आबा वाढायला उभे राहिले. डाव्या हातानं तुम्हाला जिलेबी वाढली, नको नको म्हणताना दोन जास्त वाढल्या, आणि तुम्ही रडत रडत खाल्ल्यात. जिलेबी रडत खाणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नंतर तुम्ही निवृत्त होऊन पिंपळनेरला गेलात, आणि तिथेच गेलात. तुमच्या लोकांमध्ये उभी राहून मीही मूठभर माती टाकली. आबा त्यानंतर पुष्कळ जगले. रोज देवपूजा करायचे, डाव्या हातानं गंध उगाळायचे, नातवंडांना मांडीवर घेऊन त्या मनगटानं गुदगुल्या करायचे. तुमच्या देवाचं त्यांनी पुन्हा कधी नाव घेतलं नाही. मीही ख्रिस्ती झाले नाही, तुम्ही कधी तसं म्हणालाही नाहीत. माझ्या देव्हाऱ्यात सगळे देव जागच्या जागी आहेत. हे कागद त्यातल्याच खणात जातील. पिंपळनेरच्या मातीत टपाल पोचत नाही, आणि तुम्ही असतात तर आधी शुद्धलेखन तपासलं असतं.

एक मात्र तुम्हालाच सांगता येईल असं आहे. गेल्या महिन्यात आबा गेले. अंगणात त्यांना निजवलं होतं आणि कुणीतरी चांगल्या मनानंच त्यांचा उजवा हात चादरीखाली झाकून टाकला होता. मी तो बाहेर काढून छातीवर ठेवला. सगळे विठ्ठलाचं नाव घेत होते, मीही तोंडानं तेच घेत होते. पण मनात मी तुमच्यावाल्याशी बोलले, आयुष्यात पहिल्यांदाच. म्हटलं, माझा बाप येतोय, त्याचा हात बघ, तू ओळखशील.