बाबांच्या पायाचा दिवा

चिमे,

बाबांची जखम भरायला आणलेला लाल दिवा जागेवर नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस, मीच नेलाय. त्यांची बोटं काळी पडलीत. डॉक्टर आजच कापणार आहेत. दवाखान्यात येताना त्यांचा सैल पायजमा आण.

सकाळी मी बटण दाबलं, तर दिवा पेटेचना. वायर आतून तुटलीय, कधीपासून देव जाणे. आपण दोघी दिवसभर कामावर. साखरेनं त्यांची नजर गेलेली, पाय बधिर. रोज नेमानं बंद दिव्याखाली पाय धरून बसायचे आणि वर मला सांगायचे, "आज छान ऊब लागली गं."

निघताना म्हणाले, "दिवा घे बरोबर, तेवढाच आधार आहे." काय बोलणार, कपाळ! घेतला पिशवीत. तूही तिथे तोंड उघडू नकोस.

आई