गोधडीतली सोड्याची टाकी

अण्णा, सोडा पोचला. गॅससकट पोचला! सालमियातल्या आमच्या स्वयंपाकघरातून निघून कुवेतच्या उन्हातून थेट अर्दियाच्या हॉलपर्यंत, आणि नळ दाबल्यावर ग्लासात असा फसफसून आला की मी भर लग्नात टाळ्या पिटल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी दुसऱ्या कोणाला सांगावी असं मनातही आलं नाही. यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. हे शेजारीच उभे होते, रुमालाने मान पुसत.

आधी टाकी म्हणजे काय ते सांगते. परदेशात हौशी लोक घरी बिअर करतात, ती स्टीलच्या उभ्या टाकीत भरतात, वरून गॅस सोडतात आणि गाडीत घालून मित्रांकडे नेतात. त्यांचे व्हिडिओ बघायचा मला नाद लागला. बिअरशी माझं काय देणंघेणं? इथे तर घरी बिअर करणाऱ्याला आधी कोठडी आणि मग परतीचं विमान. पण गॅस कसा मुरवायचा, झाकणाची रबरी कडी कुठे गळते, रस्त्यात टाकी कशी सांभाळायची, हे त्यांच्या तोंडून ऐकताना सारखं वाटायचं, अहो, हे तर एसटी स्टँडामागच्या आपल्या सोडा फॅक्टरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाललंय! आणि गंमत ऐका. त्या टाक्या मुळात बिअरच्या नव्हेतच, थंड पेयांच्या पाकाच्या. कंपन्यांनी टाकल्या आणि बिअरवाल्यांनी उचलल्या. तशीच एक मला अम्गराच्या भंगारात मिळाली. तिथे रत्नागिरीकडच्या एका चाचांचं बांधकामाच्या सामानाचं यार्ड आहे, त्यांनीच ती शोधून दिली. वर म्हणाले, "सोडा जमला तर माज्या पोरीच्या लग्नाला घेऊन येवा. पावन्यांना तेच पाजू."

ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारी मी, आठवडाभर संध्याकाळी आलं किसत होते. आलं, लिंबू, साखर, चिमूटभर सैंधव. पहिल्या खेपेला घाई केली, पाक कोमट असतानाच गॅस सोडला आणि सगळा गॅस वर फुस्स झाला. आणि तुम्ही मागे उभे आहात, बनियनवर, हात ओले. "गरम पाण्याला गॅस पाजतेस होय गो? पालथ्या घड्यावर पाणी!" मी मोठ्याने हसले. मुलगी खोलीतून म्हणाली, "आई, आर यू ओके?" ओके काय, मी तरंगत होते. दुसऱ्या खेपेला टाकी बर्फासारखी गार केली, मांडीवर आडवी घेऊन झुलवली आणि गॅस आत गेला तसा तो बारीक गुणगुण आवाज ऐकला. शेड विकली त्या दिवसानंतर तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल का, कोण जाणे. मशीन न्यायला गिऱ्हाईक आलं होतं, मी दहावीत होते, चहा घेऊन आले होते. तुम्ही त्याला म्हणालात, "आता माझ्यामागे चालवणार कोण?" मी, तुमची लेक, कप हातात धरून तुमच्या समोर उभी होते, अण्णा. तुम्ही वर पाहिलं नाहीत. यांना हे सगळं ठाऊक नाही, त्यांनी आपली अट घातली होती: "हे एकदाच. काही घोटाळा झाला तर टाकी परत अम्गराला. इथे राहायचा अकामा गेला तर काय सोडा पीत बसायचं?" मी हो म्हटलं. पण मला ते एकदाच करायचं नव्हतं.

आणि घोटाळा मीच केला. गार राहावी म्हणून टाकीभोवती बर्फाच्या पिशव्या लावल्या, वर आईची गोधडी गुंडाळली, मागच्या सीटवर उभी करून पट्टा बांधला. अर्दियाच्या वळणावर पोलीस उभा. त्याने मागे वाकून पाहिलं, तर भर उन्हाळ्यात नखशिखांत गोधडी घेतलेलं कोणीतरी बसलंय! "मिनू हादा?" हा कोण? गोधडी निघाली. आत स्टीलची टाकी, नळी, गॅसचा काटा. पोलिसाचा चेहरा बदलला. "खमर?" दारू? त्याने हातानेच खूण केली, उघड.

लगेच उघडली असती तर धक्के खाल्लेला सगळा सोडा त्याच्या गणवेशावर. लग्न गेलं, टाकी गेली, वर चौकी. मी खाली उतरले. दुकानांत सोडा पोचवल्यावर तुम्ही पेटीला कोणाला हात लावू देत नसायचात. "प्रवासातनं आलाय, बसू दे जरा." तेवढं अरबी मला कुठलं येणार? टाकीकडे बोट दाखवून म्हटलं, "हादा ताबान. श्वय्या, श्वय्या." हा दमलाय, जरा थांबा. पोलीस माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला, आणि चक्क थांबला! मी झाकणावरची गॅस सोडायची कडी थोडी उचलली, सोडली, पुन्हा उचलली. गॅस सुस्कारे टाकत निवला. मग नळ दाबून कागदी पेला भरला. त्याने आधी वास घेतला, मग घोट. आल्याचा झटका घशाला बसला, डोळ्यांत पाणी आलं, मोठी ढेकर आली. "अल्हम्दुलिल्लाह," म्हणाला आणि पेला पुन्हा पुढे केला. यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

हॉलवर तर लोकांनी बिर्याणीच्या आधी सोड्याला रांग लावली. चाचांनी ग्लास रिकामा करून उलटा धरला आणि विचारलं, "बहिनी, हो हात कोनाचा? अशी चव कोनी शिकवली?" आमच्या अण्णांनी, हे उत्तर मी घरून तयार करून आले होते. हेसुद्धा माझ्याकडे त्याच अपेक्षेने बघत होते. आणि मी म्हटलं, "हात माझा आहे, चाचा. पुढच्या लग्नालाही मीच आणेन."

अण्णा, तुमचं नाव मी घेतलंच नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. दोन दिवस झाले, त्याबद्दल वाईट वाटेल म्हणून वाट बघतेय. अजून वाटलेलं नाही.