कंपनीच्या खर्चाने समुद्र

॥ ज्याच्या इच्छेवाचून झाडाचे पानही हलत नाही, तो दयाघन आम्हां भावंडांवर कृपादृष्टी ठेवो ॥

२ डिसेंबर

चि. भुंगा यास थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्या कृपावंताचे स्मरण करूनच लेखणी हाती धरली आहे, म्हणजे तिच्यातून कडू शब्द उतरू नये. माईच्या पत्रातून कळले की, यंदा तुझ्या लिफ्टच्या कंपनीने वर्षअखेरीस दीड पगाराचा बोनस दिला, शिवाय एक लोकरी कोट दिला, आणि कळस म्हणजे समुद्राकाठच्या कंपनीच्या विश्रामगृहात सहकुटुंब आठवडाभर राहण्याची पाळीही तुझ्याकडे आली. ऐकून आनंद झाला. खरोखर झाला. सहा रिपूंच्या मालिकेत मत्सर शेवटी येतो, आणि शेवटचे लेकरू जसे लाडावलेले असते तसाच तोही असतो. धाकट्यांचे असेच! परंतु मी त्यास उंबरठ्याबाहेरच उभे केले आहे.

आमच्या शाळेने उभ्या नोकरीत मला दर वर्षअखेरीस एक भिंतीवरचे कॅलेंडर दिले. एका वर्षी तर त्यात सुट्ट्या लाल रंगात छापावयाचेही राहून गेले होते. तरीही आम्ही समाधानी होतो. शेजारचे निवृत्त कॅशियर मात्र रोज विचारतात की, तुमच्या भावाला काय काय मिळाले. कोटाचे सांगितले. तो तुला घट्टच होत असणार, हेही सांगून ठेवले.

आता मूळ मुद्दा. वर्षाचा शेवटचा आठवडा आपली माई शिवणाचे दुकान बंद करून या थोरल्या भावाकडे असते, हे तुला ठाऊक आहे. तिची गादी मी उन्हात घालून घेतली, पांघरूण धोब्याकडून आणवले. आणि आता कळते की, तू तिला समुद्राचे आमिष दाखवले आहेस. मी काही म्हणत नाही. ज्याला जिथे सुख वाटेल तिथे त्याने जावे. खाऱ्या हवेने गुडघे धरतात, एवढे मात्र तिला सांगावे.

सौ.स आशीर्वाद. मजविषयीचा लोभ त्या समुद्रात बुडू देऊ नये.

तुझा,
दादा

—

७ डिसेंबर

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही स्वतःच रचता, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोट घट्ट होतो हे खरं आहे. तुम्हाला कसं कळलं?

दादा, ही पाळी नोकरीच्या क्रमाने येते. दर वर्षी जानेवारीत कुणीतरी उन्हाने रापून यायचा आणि लाटांच्या गोष्टी सांगायचा. आम्ही डबे खात ऐकायचो आणि आतल्या आत जळायचो. त्या विश्रामगृहातली लिफ्ट मीच बसवलीय. तेव्हा मागच्या दाराने आत गेलो आणि मागच्याच दाराने बाहेर पडलो. समुद्र दिसला तो वरच्या मशीनच्या खोलीतल्या झरोक्यातून, तोही पान्याने नट आवळता आवळता. मार्चात मी निवृत्त होणार. यंदा एकदा पुढच्या दाराने जायचंय, आणि माझ्या माणसांना घेऊन.

माझ्या माणसांत तुम्ही पहिले. माईला पळवतोय असं मनात आणू नका, तुम्हीही चला. फक्त कंपनीचा एक नियम आहे. कर्मचारी, त्याची बायको आणि ज्यांची देखभाल तो करतो अशी घरची माणसं, एवढ्यांनाच तिथे राहता येतं. माईचं नाव औषधपाण्यासाठी आधीपासून लागलेलं आहे. तुमचं लावायचं तर, धाकटा भाऊ माझी देखभाल करतो असं तुम्ही लिहून खाली सही करायची. कशी देखभाल, तेही एका ओळीत लिहायचं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, वीस तारखेच्या आत आलं की झालं.

माईचे गुडघे लिफ्टने वर जातील. लिफ्ट मध्येच अडकणार नाही, ही माझी हमी.

हिचा नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमचा,
भुंगा

—

११ डिसेंबर

चि. भुंगा यास आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचले, कारण पहिल्या वाचनावर विश्वास बसेना.

वडील गेले तेव्हा तुझे दुधाचे दातही पडले नव्हते. तुला अक्षर मी गिरवून घेतले, तापात तुझ्या उशाशी मी बसलो, तुझ्या लग्नाची बोलणी मी केली. आणि आता त्याच हाताने मी लिहून द्यावे की, हा माझा सांभाळ करतो? नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हाच. मला निवृत्तिवेतन आहे. घर आहे. स्वयंपाकाला बाई आहे. दर आठवड्याला प्रार्थनामंदिरात माझे प्रवचन ऐकावयास माणसे दाटीवाटीने बसतात. अशा मनुष्याने आश्रित म्हणून विश्रामगृहाच्या पायऱ्या चढाव्या, तेही कंपनीच्या मेहेरबानीने?

आणि मानापमान क्षणभर बाजूला ठेवला, तरी सत्याचे काय? जे नाही ते आहे म्हणून लिहिणे यास शास्त्र असत्यच म्हणते. समोर समुद्र असला म्हणून ते धुऊन निघत नाही. तुम्ही सर्वांनी सुखाने जावे. मी येथे बरा आहे. पांघरूण पुन्हा कपाटात ठेवून दिले आहे.

ता. क. तेथे चहा खोलीत आणून देतात, असे माई लिहिते. हे खरे काय? केवळ माहितीसाठी विचारतो.

दादा

—

१५ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

काल भुंगा दुकानात आला होता. तुझं पत्र खिशातून काढून माझ्या हातात दिलं आणि शिलाई मशीनच्या स्टुलावर बसला. मी एक अख्खी बाही जोडली तोवर त्याने दोऱ्याचं रीळ उलगडून परत गुंडाळायला घेतलं. मग म्हणाला की, पाळी परत करतो, माझ्यामागे एक वायरमन टपलेलाच आहे. दादांना मागे ठेवून समुद्र बघितला तर घशाखाली घास उतरणार नाही. बायको घरात डोळे पुसतेय, हा इथे दोरा गुंडाळतोय. इतकी वर्षं वाट बघून आलेली पाळी तुझ्या एका पत्रावर चालली, हे तुला कळावं म्हणून लिहितेय. वीस तारीख काही तुझ्या रागासाठी थांबायची नाही.

तुला खोटं लिहायची भीती वाटते ना? मग खरं मी सांगते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला वाकता येत नाही. तुझ्या पायांची नखं कोण कापतं? दर महिन्याला दोन बस बदलून तो येतो, तो काय तुझं प्रवचन ऐकायला? कोमट पाण्यात तुझे पाय घेऊन तो खाली बसतो आणि तू वर बसून त्याला अहंकार सोडायला सांगतोस. ह्याला देखभाल नाही तर काय म्हणायचं, ते तुझ्या पोथ्यांत शोध. सापडलं तर मलाही कळव.

आता माझं ऐक. तुला त्याचा हेवा, की त्याला समुद्र मिळाला. त्याला तुझा हेवा, की माई दर वर्षी दादाकडेच का जाते. आणि मला तुम्हा दोघांचा. मी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. वर्ष संपत आलं की गिऱ्हाइकं समारंभाचे कपडे घेऊन येतात, आणि सगळ्यांना ते उद्याच हवे असतात. मला मालक नाही, मग बोनस कोण देणार? तो डोंगर उपसून मी तुझ्याकडे यायचे, की आल्या आल्या तुझ्या शर्टांची बटणं, तुझे अभ्रे, तुझं पथ्याचं जेवण. नेमकी त्याच आठवड्यात तुझ्या स्वयंपाकाच्या बाईला तू हटकून रजा द्यायचास. सारखा चहा. आणि शेजारच्या कॅशियरना तू सांगायचास की, माई माझ्याकडे विश्रांतीला आलीय. दादा, शाळेने तुला नुसतं कॅलेंडर दिलं म्हणतोस, पण दर वर्षअखेरीला तुलाही बोनस मिळत होता. तो म्हणजे मी.

गाऱ्हाणं नाही हे. भावाचं केलं, परक्याचं नाही. पण एकदा, फक्त एक आठवडा, मला खिडकीशी बसायचंय आणि कुणीतरी येऊन विचारायला हवंय की, बाई, चहा आणू का? तू सही नाही केलीस तर तो जाणार नाही, तो नाही गेला तर मीही नाही. आणि तुझ्याकडेही येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

फटकळपणा पोटात घाल. माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी,
माई

—

१७ डिसेंबर

चि. माई व चि. भुंगा यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र पोस्टाच्या भरवशावर न सोडता कॅशियरांच्या मुलीबरोबर पाठवीत आहे, ती उद्याच त्या बाजूस येणार आहे.

काल स्वयंपाकाच्या बाई आल्या नाहीत. माईचे पत्र हाती घेऊन मी चहा करावयास उठलो. चहाचा डबा कोठे असतो हे मला ठाऊक नव्हते. ज्या घराचा मी स्वामी म्हणवितो, तेथे मी पाहुणा निघालो. चहावाचून तसाच बसलो आणि माईचे पत्र पुन्हा वाचले. पोथ्यांत शोधावयास सांगितलेस. शोधावे लागले नाही. जे पान मी इतरांना वाचून दाखवीत आलो, त्याच पानावर ते होते, त्यास सेवा म्हणतात.

सोबतचा कागद ऑफिसातील बाईंना द्यावा. सही केली आहे. देखभाल कशी, त्या ओळीसाठी प्रथम तीन भारदस्त वाक्ये रचली, त्यांत स्वतःचा मोठेपणा डोकावू लागला म्हणून तिन्ही खोडली. मग लिहिले की, हा माझी नखे कापतो. बाई हसल्या तर हसू द्यावे. याहून खरे वाक्य मजपाशी नाही.

मत्सर गेला असे मात्र समजू नका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कोटाचे अजून टोचतेच, आणि भुंगा पुढच्या दाराने आत शिरेल तेव्हा मी त्याच्या मागे असेन, हे मनाला बजावावे लागते आहे. ते मी बजावीन. समुद्राकडची खोली माईची. त्यात वाद नको. पहाटे थोडा वेळ तिच्या खिडकीशी प्रार्थनेस बसू दिले तर उपकार होतील, पण तिची झोप झाल्यावरच. त्या आठवड्यात माई उठून कोणासाठी काही करू लागली, तर तिला हात धरून खाली बसवण्याचे काम माझ्याकडे असावे. मला एवढेच काम जमेल, पण ते मी चोख करीन.

लोभ आहेच, तो माझ्या स्वभावाला पुरून उरो.

हे पत्र ज्यांच्या ज्यांच्या हाती पडेल, आणि त्यांच्याही पलीकडे जे राबतात पण ज्यांना बोनस देणारे कोणी नाही, त्या सर्वांचे तो कृपावंत कल्याण करो. वर्ष सरताना प्रत्येकास दुसऱ्याच्या हातचा एक कप ऊन ऊन चहा मिळो, आणि तो निवांत बसून पिण्याइतकी सवड मिळो. शुभं भवतु.

तुमचा,
दादा